पिवळी चिठ्ठी, अर्धी किंमत

घरात वस्तू साठतात तसे किस्सेही साठतात, फक्त किस्से ठेवायला गराज लागत नाही. आमच्या शनिवारच्या मंडळाकडे दोन्ही भरपूर आहेत. मंडळ म्हणजे तिघीच जणी: मी, नीलिमा आणि वैशाली. तिघी मूळच्या पुण्याच्या, आता ऑस्ट्रेलियातल्या केलीव्हिलच्या, आणि तिघींना एकच व्यसन, ऑप शॉप! म्हणजे लोकांनी दान केलेल्या जुन्या वस्तूंचं दुकान. विक्रीचे पैसे चांगल्या कामाला जातात, त्यामुळे नवरे ओरडायला लागले की आम्ही "पुण्य आहे ते," असं सांगून मोकळ्या होतो.

*

वैशाली आमच्यातली डॉक्टर. तिला एकदा करड्या रंगाचा अस्सल लोकरीचा कोट कवडीमोलाने मिळाला. पट्टा तेवढा नव्हता. "पट्ट्याशिवायच स्मार्ट दिसतो," असं आम्ही तिला पटवलं.

थंडी सुरू झाल्यावर ती तो घालून क्लिनिकला गेली. वेटिंग रूममधल्या एक आजीबाई तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. तपासायला आत आल्या तरी बीपी राहिलं बाजूला, नजर खुंटीवरच्या कोटावर. शेवटी म्हणाल्या, "लव्ह, दॅट्स माय कोट!"

वैशालीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण आजीबाई खूश होत्या. पुढच्या अपॉइंटमेंटला त्या ब्लड टेस्टचे रिपोर्ट घरी विसरून आल्या. पट्टा मात्र आठवणीने आणला होता!

*

माझे सासरे, आप्पा, पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांना दुकान दाखवायला नेलं तर ते बक्षिसांच्या कपाटापाशीच अडले. लॉन बोल्सची, म्हणजे हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळाची, एक भलीमोठी ट्रॉफी होती, खाली नाव कोरलेलं: 'बॅरी, चॅम्पियन'.

"नाव घातलेली वस्तू अशी टाकून देतात?" आप्पा खरंच दुखावले. आमच्याकडे साध्या वाटीवरसुद्धा नाव घालतात, आणि नाव घातलेली वाटी शेजारच्यांकडे गेली तरी चार दिवसांत परत येते. बॅरीला असं बेवारस सोडून जाणं त्यांना जमेना. त्यांनी ट्रॉफी विकत घेतली आणि हातातल्या बॅगेतून पुण्याला नेली.

आता ती त्यांच्या शोकेसमध्ये आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते "आमचा ऑस्ट्रेलियातला बॅरी," एवढंच सांगतात. परवा सोसायटीतल्या जोशीकाकूंनी मला फोनवर विचारलं, "काय गं, बॅरीला स्थळं बघताय का?"

*

दुकानाची एक पद्धत आहे. प्रत्येक वस्तूला रंगीत चिठ्ठी असते आणि दर मंगळवारी एका रंगाची पाळी येते. त्या रंगाच्या वस्तू मग आठवडाभर अर्ध्या किमतीत. पुढची पाळी कुणाची, ते काउंटरवरच्या फळ्यावर आधीच लिहिलेलं असतं.

ते वाचून साधी माणसं मंगळवारी परत येतात. नीलिमा वस्तू लपवून जाते! मागच्या भिंतीला जिगसॉ पझलचे खोके रचलेले असतात, त्यांच्या मागे. दुकानात शिरलं की आधी जिगसॉच्या मागे डोकवायचं, असा आमचा शिरस्ताच पडून गेलाय. काउंटरवरची मॉरीन सत्तरीची, हौसेने फुकट काम करणारी. तिला यातलं काही कळत नाही, अशी आमची समजूत होती.

एकदा नेमकी मंगळवारी नीलिमा तापाने घरी पडली. बुधवारी मॉरीनने मला हाक मारली. "तुझ्या मैत्रिणीची किटली अजून पझल्सच्या मागेच आहे. मी धूळ पुसून ठेवलीय. टेल हर, नो वरीज!"

*

नीलिमाच्या नवऱ्याचा, मिलिंदचा, एकच नियम: घरात एक वस्तू आली की एक बाहेर गेली पाहिजे. दर महिन्याला तो गराज आवरतो आणि एक खोका दान करून येतो.

एका शनिवारी नीलिमाला निळा ब्लेझर मिळाला. धावतच घरी गेली. "घालून बघ ना! अगदी तुझ्या मापाचा आहे."

मिलिंदने घालून बघितला, आतल्या खिशात हात घातला, आणि आपलं हरवलेलं जिमचं कार्ड बाहेर काढलं. "मापाचा असणारच," तो म्हणाला.

*

याच नियमाने पुढे घात केला. यंदा होळीच्या आठवड्यात नीलिमा पुरणयंत्र शोधायला लागली तर ते जागेवर नाही. पितळी, जड, तिच्या आईचं. कडेला ठिपक्या-ठिपक्यांनी 'सौ. कुमुद' असं नाव कोरलेलं. मिलिंदला वाटलं होतं, ही शनिवारचीच खरेदी! त्याने ते खोक्यात घालून देऊन टाकलं होतं.

नीलिमाची आई जाऊन दोनच वर्षं झाली होती. त्या यंत्राचं हँडल फिरवताना आई शेजारी उभी राहून "जरा दमानं" म्हणतेय असं वाटतं, हे तिने मला एकदा सांगितलं होतं. दुकानात विचारलं तर मॉरीनने हात वर केले. दानाचे खोके आधी गोदामात जातात, तिथून कुठल्याही शाखेत. नीलिमाची लेक म्हणाली, "मम, जस्ट ऑर्डर अ न्यू वन." त्या होळीला तिच्याकडे पुरणपोळी झाली नाही. मिलिंदशी बोलणंही फक्त "दूध आण" एवढ्यापुरतं उरलं. मला दोघांचीही फार दया यायची.

दोन महिने आम्ही पेनरिथपर्यंतची सगळी दुकानं पालथी घातली. वैशालीने तर त्या कोटाच्या आजीबाईंनाही कामाला लावलं. पुरणयंत्र कुठेच नव्हतं.

मग एका सोमवारी दुपारी मी सहज आमच्या दुकानात गेले, सवयीने जिगसॉच्या मागे डोकावले, आणि बघते तर काय! पितळी कड. ठिपके. 'सौ. कुमुद'! वर चिठ्ठी: 'जुनं पास्ता मशीन, दहा डॉलर'.

कुणी हिसकावून घेईल या भीतीने मी ते पोटाशी धरून काउंटरवर नेलं. मॉरीन काहीतरी सांगायला लागली होती, पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पैसे दिले आणि गाडी थेट नीलिमाच्या दारात उभी केली.

तिने दार उघडलं, माझ्या हातात बघितलं, आणि तिचा चेहराच पडला.

"हे तू आणलंस? जिगसॉच्या मागून?"

"तुला कसं माहीत?"

"अगं, मीच ठेवलं होतं तिथे! आज सकाळी गेले होते तेव्हा सापडलं. पिवळी चिठ्ठी आहे ना, उद्या पिवळ्याची पाळी!"

मी दारातच उभी. तिने यंत्र माझ्या हातातून घेतलं, आईच्या नावावरून बोट फिरवलं आणि एकदम रडायलाच लागली. मग मीही रडले. बराच वेळ आम्ही दोघी त्या पितळी यंत्राला मध्ये धरून रडत होतो.

मग डोळे पुसत तिने विचारलं, "पूर्ण दहा दिलेस?"

"पूर्ण."

"एक दिवस थांबली असतीस तर गं!"

मागून मिलिंदचा आवाज आला. दोन महिन्यांनी त्याला बोलायला जरा जागा मिळाली होती. "त्यात काय एवढं? मी आत्ता जाऊन परत दान करतो. उद्या तू अर्ध्यात घेऊन ये."

मला वाटलं, आता हे पुरणयंत्र त्याच्या डोक्यात बसणार. नीलिमाने यंत्र छातीशी आणखी घट्ट धरलं. एकदा चिठ्ठीकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"दुकान अजून उघडं असेल का रे?"