आफोरच्या बाजारातला आईचा गाळा

आमच्या स्टाफरूमच्या कपाटात डब्यांची झाकणं साठत जातात. कुणाची, कुठल्या डब्याची, काही पत्ता नसतो, आणि टाकून द्यायला कुणाचा हात होत नाही. किश्श्यांचं तसंच आहे. लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी कित्येक वर्षं रक्ताचे नमुने तपासतेय, पण घरी जाताना डोक्यात हिमोग्लोबिन नसतं, चहाच्या टेबलावर कोण काय म्हणालं ते असतं.

टेबल आमचं तिघांचं. मी अनघा, पुण्याची, रविवार पेठेतली. डेरेक लेस्टरजवळच्याच एका गावचा, रिटायरमेंटला टेकलेला. आणि इफेओमा, नायजेरियाच्या पूर्वेकडची, इग्बो. तिचं गाव बाजाराचं, आणि त्या बाजारात तिच्या आईचा कापडाचा गाळा.

लहानपणी इफेओमाला त्या गाळ्यावर बसायचं असायचं, पण आई बसू द्यायची नाही. "इथे बसलीस की उठणार नाहीस, घरी जाऊन अभ्यास कर." ती अभ्यासाला गेली ती थेट इंग्लंडलाच पोचली. इथे आल्यापासून तिच्या मनात एकच होतं, एकदा तरी बाजाराच्या दिवशी आईशेजारी बसून गिऱ्हाईक करायचं. आता हे किस्से सांगताना हसू येतं खरं, पण हळहळच जास्त वाटते.

*

तिची-माझी ओळख झाली ती आठवड्यावरून. त्यांचा आठवडा चार दिवसांचा. एके, ओरिये, आफोर, एन्क्वो. प्रत्येक गावाचा बाजार यातल्या एका दिवशी, तिच्या गावचा आफोरला. शेजारच्या गावाचा वेगळ्या दिवशी, म्हणजे कुणी कुणाच्या पोटावर पाय द्यायला नको. गावात पत्ता सांगतानासुद्धा आफोरच्या अलीकडे, आफोरच्या पलीकडे असाच सांगतात.

मी लगेच कॉलर ताठ केली. "आमच्या पुण्यात तर अख्ख्या पेठांना वारांची नावं आहेत."

"म्हणजे रविवार पेठेत रविवारी बाजार?"

"छे, तिथे रोजच असतो."

"मग नाव कशाला?"

असला प्रश्न पुणेकराला विचारायचा नसतो. मी चहा ढवळत बसले.

डेरेक बोटांवर काहीतरी मोजत होता. "चारच दिवसांचा आठवडा, मग वीकेंड कधी घेता?"

"वीकेंड तुम्ही आणलात, डेरेक. मिशनऱ्यांबरोबर. त्याआधी आम्ही इतके थकत नव्हतो."

*

तर डेरेकला वाटलं, आपणही काही कमी नाही. "माझं गावसुद्धा मार्केट टाउन आहे. शेकडो वर्षांचं. चला, दाखवतो."

एका शनिवारी गेलो. चौकात दगडी क्रॉस, त्याच्याभोवती थोडेसे स्टॉल. एकावर चीज, एकावर मेणबत्त्या, एकावर फक्त कुत्र्यांची बिस्किटं. इफेओमा मधोमध उभी राहून चारी दिशांना बघत होती.

"डेरेक, मार्केट कुठे आहे?"

"तू त्यातच उभी आहेस."

ती सरळ अंडीवाल्याकडे गेली आणि पाटीवरच्या किमतीच्या निम्मी किंमत म्हणाली. तो बिचारा हसला. "लव्ह, भाव पाटीवर लिहिलाय."

"दिसतोय ना. तिथूनच तर सुरुवात करायची."

डेरेकचे कान लाल झाले. तो जमिनीकडे बघत राहिला. मी मात्र जवळ सरकले, मला बरेच दिवसांत इतकं घरच्यासारखं वाटलं नव्हतं. भाव काही उतरला नाही. पण अंडीवाल्याने शेवटी वर एक अंडं घातलं. इफेओमा म्हणाली, याला आमच्याकडे जारा म्हणतात, जारा मिळाला म्हणजे भांडण मिटलं. अंडीवाल्यानेही तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

परतताना डेरेकने गाडी गावाबाहेर काढली. मग म्हणाला, "माझ्या लहानपणी इथे गुरांचा बाजार भरायचा. माझा बाप तिथे लिलाव पुकारायचा. त्याला ते आकडे इतक्या भरभर कसे बोलता यायचे, हे विचारायचं राहिलंच."  आम्ही दोघी अंडी सांभाळत बसलो.

*

लेस्टरमधल्या गुजराती दुकानांच्या बेलग्रेव्ह रोडवरचा किस्सा माझ्या अब्रूचा आहे. नणंदेच्या मुलीच्या लग्नासाठी साडी बघायला मी इफेओमाला बरोबर नेलं. दुकान नुकतंच उघडलं होतं, उदबत्तीचा वास येत होता. गुजराती काकांनी ढीगभर साड्या उलगडल्या, मला एकही पसंत पडेना. "पुन्हा येते, काका," म्हणून मी वळले.

इफेओमाने माझा दंड धरला. "कुठे निघालीस? आपण याचं पहिलं गिऱ्हाईक आहोत. काहीतरी घे. माणसाचा अख्खा दिवस खराब करतेस का?"

काका थक्क. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू ही गेल्या जन्मी राजकोटची असावी. भवानी काय असते ते रविवार पेठेतल्या मुलीला एका इग्बो बाईने, बेलग्रेव्ह रोडवर समजावलं. मी मुकाट्याने एक पोपटी परकर घेतला. त्या रंगाची साडी माझ्याकडे आजही नाही.

*

आफोर असला की इफेओमा लंच ब्रेकमध्ये गावी फोन लावायची. कधी मंगळवारी, कधी शनिवारी, इंग्रजी कॅलेंडरशी त्याचं काही देणंघेणं नसायचं. फोनवर आई कमी आणि बाजारच जास्त ऐकू यायचा. एकदा तिने फोन माझ्या हातात दिला. मी नमस्कार वगैरे केला. आईंनी इंग्रजीत विचारलं, "तू इंडियाची?"

"हो."

"तुझ्या देशाचं कापड विकून मी हिला शिकवलं."

मला काही कळेना. मग इफेओमाने समजावलं. मद्रासकडे विणलेलं, जरीचं, भारी कापड असतं. तिकडे त्याला जॉर्ज म्हणतात. लग्न असो की मयत, इग्बो बाई जॉर्ज नेसल्याशिवाय बाहेर पडत नाही. मी आईंना खरं ते सांगितलं, की मी हे कापड आयुष्यात पाहिलेलं नाही, आमच्याकडे कुणी नेसत नाही.

 मग आई म्हणाल्या, "म्हणजे चांगलं ते सगळं आम्हालाच पाठवता. देव तुमचं भलं करो."

त्या दिवशी इफेओमाने सगळा इतिहास सांगितला. गाव वाढलं ते पाम तेलावर. गोऱ्यांच्या कंपन्या तेल न्यायच्या आणि मँचेस्टरचं कापड आणून टाकायच्या. पुढे इग्बोंनी वेगळा देश मागितला, बियाफ्राचं युद्ध झालं, बाजार उठला, मीठ मिळेनासं झालं. तेव्हा तिची आजी, आणि तिच्यासारख्या कितीतरी बायका, जीव मुठीत धरून सैन्याच्या रेषेपलीकडे जायच्या आणि मीठ घेऊन यायच्या. युद्ध संपल्यावर त्याच मिठावर आजीने गाळा उभा केला. मिठाचं कापड झालं, ते आईकडे आलं.

डेरेक भारावला होता. त्यालाही काहीतरी नातं जोडायचं होतं. "माझी आजी इथे मोज्यांच्या मिलमध्ये होती."

"मोजे आम्ही घेतले नाहीत," इफेओमा म्हणाली.

*

आता जाण्याचं. दरवर्षी ती जाणार असायची. एका वर्षी रजिस्ट्रेशनची परीक्षा, मग घराचं मॉर्गेज, मग कोव्हिड, मग मुलीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, मग लॅबमध्ये माणसं कमी. आम्ही परदेशात राहणारे सगळे असेच. आमच्या घरच्यांना आम्ही "या डिसेंबरला नक्की" सांगतो आणि ते "बरं" म्हणतात. इफेओमाची आई मात्र बरं म्हणायची नाही. ती म्हणायची, "मी गाळ्यावर आहेच. बाजार उठायच्या आत ये."

एक गोष्ट तिने मला खूप उशिरा सांगितली. त्यांच्याकडे बाईला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, आपल्याकडे बंड्याची आई म्हणतात तशी. बाजारात तिची आई मामा इफेओमा, आणि गाळाही त्याच नावाचा. "अनघा, त्या बाजारात दर आफोरला माझं नाव घेतात," ती म्हणाली, "आणि मी तिथे एकदाही बसलेली नाही."  मी तिचा हात धरला.

शेवटी या वर्षी ईस्टरचं तिकीट काढलं. रजा मंजूर झाली. आईने अख्ख्या बाजाराला सांगून ठेवलं, मुलगी येतेय, माझ्या शेजारी बसणार आहे. फेब्रुवारीत भावाचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

त्यांच्याकडे अंत्यविधी सावकाश, सगळे जमल्यावर करतात. त्यामुळे तिकीट बदलावं लागलं नाही. ती तेच तिकीट घेऊन गेली. थोडं आधी गेली असती तर, हे आम्हा तिघांपैकी कुणीच तोंडाने म्हटलं नाही. मनात मात्र रोज म्हणत होतो.

*

ती परत आली त्या दिवशीचं हे. चहाच्या टेबलावर बसल्या बसल्या तिने सांगायला घेतलं.

दफन झाल्यावर येणाऱ्या बाजाराच्या दिवशी घरचे सगळे एकाच रंगाचं कापड नेसून, ढोल लावून, गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन बाजारभर नाचत फिरतात. तशी तीही फिरली. मिरच्यांच्या रांगेतून, सुक्या मासळीच्या रांगेतून. मग भावाने गाळ्याचं कुलूप काढलं आणि ती आईच्या स्टुलावर बसली. एकटी.

एक म्हातारी आली. आईचं जुनं गिऱ्हाईक. तिने जॉर्जचा एक जोड उचलला आणि भाव विचारला. इफेओमाला रडू आवरेना. ती म्हणाली, "आजी, घेऊन जा. तुमच्याकडून काय घ्यायचं?"

म्हातारीने कापडाची नीट घडी घातली आणि परत ठेवलं. "मी भीक मागायला आले नाही. भाव सांग."

इफेओमाने अंदाजाने काहीतरी सांगितलं. म्हातारी म्हणाली, "चोर आहेस." आणि एवढीशी किंमत म्हणाली. इफेओमा थोडी उतरली, म्हातारी तसूभर चढली. कापडाला नावं ठेवून झाली, रंगाला झाली, इंग्लंडला झाली. आजूबाजूच्या गाळ्यांवरच्या बायका आपलं काम सोडून ऐकत होत्या. मग म्हातारी पाठ फिरवून चालायला लागली.

"मी बघतच राहिले," इफेओमा म्हणाली. "इतकी वर्षं इथे काढल्यावर मला वाटलं, गेली म्हणजे गेली. शेजारच्या बायका नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. म्हातारी अगदी सावकाश चालत होती. पार मिरच्यांपर्यंत पोचली."

आमचा ब्रेक केव्हाच संपला होता. मशीनवर नमुने खोळंबले असणार, म्हणून डेरेक कप घेऊन उठला होता. दाराशी पोचल्यावर तो म्हणाला, "मग? गेली ती?"

"मग मी उठले आणि हाक मारली."

"काय म्हणून?" मी विचारलं.

इफेओमाने कप खाली ठेवला. उभी राहिली. छाती भरून श्वास घेतला आणि स्टाफरूममध्ये ती हाक मारली, इग्बोत, पोटातून, भर बाजाराच्या डोक्यावरून जाईल अशी. कॉरिडॉरमधली दोन माणसं धावत येऊन दारात थांबली. त्यातला एक शब्दही आम्हाला कळला नाही.

म्हातारी मिरच्यांपासून फिरली असेल तसा डेरेक दारातून मागे फिरला, आणि येऊन आपल्या खुर्चीवर बसला.