दुसरा रिपोर्ट येईपर्यंत

"व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आलीय," असं म्हणून डॉक्टर मॅडमनी केबिनचं दार लावून घेतलं.

मला चौथा महिना होता. गरोदरपणात सगळ्याच बायकांच्या रक्ताच्या तपासण्या होतात, त्यातली ही एक. रिअ‍ॅक्टिव्ह म्हणजे सिफिलिसचा संशय. मॅडमनी कागदावर पेनाने स्प्रिंगसारखी रेघ काढली. "हा जंतू असा पिळदार असतो. शरीरसंबंधातून येतो. पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो, पण उपचार राहिले तर बाळालाही लागतो. पोटातच दगावूही शकतं. ही तपासणी फक्त इशारा देते. खात्रीची तपासणी म्हणजे टीपीएचए, तिच्यासाठी तुमचं रक्त मोठ्या लॅबला पाठवते. मिस्टरांचीही व्हीडीआरएल करू."

मी फक्त 'शरीरसंबंधातून' एवढंच ऐकलं.

माझे मिस्टर अंबडला कंपनीत, निम्मा महिना नाईट शिफ्ट. चांदवडला आईला फोन लावला तर ती म्हणाली, "नाईटला जातो म्हणतो, पण बघाया कोण जातं गं? तू लय भोळी हाय." झालं! घरी आल्यावर त्यांचा मोबाईल तपासला, शर्टाचे खिसे तपासले. कंपनीतल्या मित्राचा फोन आला तरी मी कान देऊन बसायचे. पोटावर हात ठेवून म्हणायचे, तुझ्या बापाने काय करून ठेवलंय बाळा?

मी सातपूरला क्वालिटी चेकिंगला आहे. बुशसारख्या मशीनच्या साध्या सुट्या भागाचा संशय आला तरी दुसऱ्या गेजने मोजल्याशिवाय आम्ही तो रिजेक्ट करत नाही. नवऱ्याला मात्र पहिल्याच मापात रिजेक्ट करून मोकळी झाले!

शेवटी त्यांना तोंडावर विचारलं तेव्हा ते आधी चिडले. "आईची शपथ, तसलं काही नाही," एवढंच म्हणाले आणि रक्त देऊन आले.

त्यांचा रिपोर्ट आधी आला. नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे दोष नाही. लॅबच्या बाकड्यावर बसून मी ढसाढसा रडले. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. त्यांनी रिपोर्टची घडी केली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "आता तू सांग."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, त्यांचं रक्त चांगलं म्हणजे दोष मी बाहेरून आणला, असं त्यांना म्हणायचं होतं. माझा रिपोर्ट यायचा होता, तोवर ते घरात पाहुण्यासारखे वागले. "कंपनीत कोण कोण असतं तुझ्या?" असं जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं. मी ताट तसंच ठेवून उठले.

टीपीएचए निगेटिव्ह आली. मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवलं. "याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. रोग नसताना तपासणी 'आहे' म्हणते. मागे तुम्हाला सांधे धरणारा ताप आला होता ना? तशा तापाने होतं, कधी नुसत्या गरोदरपणानेही होतं. तुम्हाला हा आजार नाही. पुढे एकदा परत तपासू."

"बघ, मला माहीतच होतं!" मिस्टर हसून म्हणाले.

"काय माहीत होतं?" मॅडमसमोरच मी विचारलं. "तुमच्यावर संशय घेतला, चुकलंच माझं. पण तुमचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी रडले हो. आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो मी घेतला.

बायांनो, असा कागद हातात आला तर आधी खात्रीची तपासणी करा. रोग निघालाच तर दोघांनी इंजेक्शन घ्या, बाळ वाचतं. भांडायला अख्खं आयुष्य पडलंय.

मुलगी झाली, ठणठणीत आहे. मॅडमचे उपकार जन्मात फिटायचे नाहीत. मिस्टर लेकीला खांद्यावरून उतरू देत नाहीत, मलाही जीव लावतात. पण कधीकधी नुसते माझ्याकडे बघत बसतात. मी विचारते, "काय बघताय?"

"काही नाही," म्हणतात.

ते खरं मानायला मी अजून शिकतेय.