आमच्या रक्ताचा निकाल

बाबा चालताना झोकांड्या खायचे, बोलताना त्यांची जीभ जड व्हायची. अख्खं गाव म्हणायचं, प्यायलाय. आईसुद्धा तेच म्हणायची. पुढे दोन्ही काकांचंही तसंच झालं.

मुंबईच्या एका संस्थेतले संशोधक गावात आले, तेव्हा मीच पुढे झाले. पनवेलच्या शाळेत शिकवणारी म्हणून घरात माझा शब्द चालायचा. "जनुकं वाचायची यंत्रं आलीत, आपल्या घरात काय आजार आहे ते कळेल," असं मी सगळ्यांना समजावलं. गावच्या शाळेत सगळ्यांनी रक्त दिलं. मी वंशावळ सांगितली, संशोधकांमधल्या एका मॅडमनी लिहून घेतली. "निकाल आला की कळवू," असं त्या म्हणाल्या.

चार वर्षं काही नाही. मी फोन केला की, "काम चालू आहे." त्यातच बाबा गेले. मग दादाचे पाय डगमगायला लागले. तो करंजाड्याहून कंपनीची बस न्यायचा. "मी नाय प्यायलो," म्हणून तो गेटवर शपथा घेत राहिला. नोकरी गेलीच.

मी त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्त दिल्याचं सांगितल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर शोधाशोध केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. इंग्रजी लेखात आमची वंशावळ होती. पुरुषांना चौकोन, बायकांना गोल, आजारी माणसं काळी. नावं नव्हती, पण जुळ्या आत्या, त्यातली एक लहानपणीच गेलेली, हे मीच सांगितलेलं मी ओळखणार नाही? बिघडलेलं जनुक सापडलं होतं. लेख दोन वर्षं जुना होता.

रजा टाकून मी संस्थेत गेले. त्याच मॅडम समोर.

"तो रिसर्च होता. पेशंटचा रिपोर्ट नव्हता. संमतीपत्रात तसं लिहिलंय."

"इंग्रजीत लिहिलंय. तोंडाने काय म्हणाला होतात?"

त्या समोरची फाईल चाळायला लागल्या.

"माझ्या भावाच्या रक्तात हे आहे, हे तुम्हाला माहीत होतं. त्याला नव्हतं. या दोन वर्षांत त्याला मुलगी झाली. तिला हे होण्याची शक्यता निम्मी आहे. हे कोणी सांगायचं होतं? मी?"

माझा आवाज ऐकून वॉचमन आत डोकावला. दादाला हा घराण्यातला आजार आहे, असं लिहिलेलं पत्र मिळाल्याशिवाय सोडणार नाही, म्हटलं. पुन्हा तपासणी करून, तीन आठवड्यांनी त्यांनी ते दिलं.

पत्र वाचून दाखवलं, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "मंग तुजा बापूस पीत नवता?"

"नाही," मी म्हटलं. दोन दिवस ती जेवली नाही.

कंपनीने पत्र ठेवून घेतलं, पण बस काही दिली नाही. दादा आता सुकापूरला मामाच्या दुकानात बसतो.

गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. पुढच्या टप्प्यासाठी माझं रक्त पुन्हा हवंय. माझ्यात ते बिघडलेलं जनुक आहे की नाही, हे त्यांना ठाऊक असणार. मी विचारलं नाही. म्हटलं, "आधी घरी या. दादा-वहिनीला समोर बसवून मराठीत सगळं सांगा. रक्ताचं मग बघू."

त्या हो म्हणाल्या. अजून आलेल्या नाहीत.