गॉगलवाले सर आणि राऊतांचं बावखल

आमचे सर आठवड्यातून एकदा तरी पाण्याच्या कूलरवर आपटायचे. डोळ्यांवर व्हीआरचा तो काळा डबा चढवला की वसईतल्या माणिकपूरचं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं ऑफिस त्यांना दिसेनासं होई आणि अजून पायाही न खणलेल्या कुणाच्या तरी बंगल्यात ते हिंडू लागत. हवेत हात घालून दार उघडत, नसलेले जिने गुडघे उचलून चढत, आणि वर पोचले की म्हणत, "वा! काय हवा खेळतेय इथं!" आमच्या ऑफिसची एकुलती एक खिडकी एसीसाठी खिळे ठोकून बंद केलेली होती. खालच्या झेरॉक्सवाल्यानं त्यांचं नाव 'गॉगलवाले सर' पाडलं होतं, आणि पुढे आम्हीही आपसात तेच म्हणू लागलो.

"साइट फसवते, मॉडेल फसवत नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. वीस वर्षं आर्किटेक्ट म्हणून मिरवलेल्या या माणसाचे बूट पांढरे होते आणि पांढरेच राहिले. मी तिथं सहा वर्षं होते. तेवढ्यात त्यांना साइटवर तीनदा पाहिलं, त्यातलं दोनदा भूमिपूजनाला. बाकी वेळी ते ड्रोन पाठवत. ड्रोन वरून फोटो काढी, सॉफ्टवेअर त्या फोटोंवरून जमिनीचं मॉडेल तयार करी आणि सर खुर्चीत बसून त्या जमिनीवर फिरून येत. आल्यावर चहा मागत, दमल्यासारखे.

सरांना सॉफ्टवेअरचं वेड होतं म्हणणं म्हणजे वेड्यांवर अन्याय होईल, कारण वेड्याला आपल्या वेडातलं काही तरी कळत असतं. मुंबईत कुठलं प्रदर्शन भरलं की हे एक नवं नाव घेऊन येत आणि माझ्या टेबलापाशी उभे राहून सांगत, "हे नाही शिकलीस तर दोन वर्षांत संपलीस बघ." मग मी शिके. ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून म्हणत, "थोडं फिरव... अजून थोडं... हां, वॉव." माझ्या बहिणीच्या हळदीला त्यांचा फोन आला होता, अख्खा प्रोजेक्ट उडाला म्हणून. प्रोजेक्ट उडाला नव्हता, त्यांनी खिडकी लहान केली होती आणि ती स्क्रीनच्या तळाशी बसली होती.

पुढे एआय आलं आणि सरांना आकाश ठेंगणं झालं. एक वाक्य टाकायचं, दहा घरांची चित्रं काढून घ्यायची. आमच्या गिऱ्हाइकांच्या घरांसमोर वसईत कुणी कधी न पाहिलेली लाल पानांची झाडं उगवू लागली. पापडीच्या एका शिक्षक जोडप्याला दाखवलेल्या चित्रात गॅलरीत एक गृहस्थ बसला होता, एका हाताला सहा बोटं. बाईंनी विचारलं, "सर, हे कोण?" सर अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, तो फील आहे." बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्यानं घड्याळाकडे.

माणूस दुष्ट नव्हता, हे सांगितलं पाहिजे. कुणावर आवाज चढवला नाही, शनिवारी आगाशीची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली केळी, आणून सगळ्यांना वाटायचा, माझे वडील आजारी पडले तेव्हा मागितल्याशिवाय पंधरा दिवसांची सुट्टी दिली. दुष्ट असता तर बरं झालं असतं, मी पहिल्याच वर्षी सोडून गेले असते.

आगाशीच्या राऊतकाकी आमच्याकडे आल्या त्या या सुकेळीच्याच ओळखीतून; सर ती त्यांच्याकडूनच घेत. नवरा वारलेला, मुलगा दुबईला, आणि मागे केळी-नारळाची वाडी. जुनं घर गळत होतं म्हणून नवं बांधायचं होतं. काकींनी एकच अट घातली. "घर कसंही बांधा, सर. माझ्या बावखलाला तेवढा हात लावू नका. सासऱ्यांनी स्वतः खणलंय. माझी सगळी वाडी त्याच्यावर जगते." बावखल म्हणजे वाडीतलं तळं; पावसाचं पाणी त्यात साठतं, ते केळीला द्यायचं, आणि त्याच्याच जिवावर शेजारच्या विहिरीचं पाणी मे महिन्यातही गोडं राहतं. माझं माहेर पापडीचं, मला हे कुणी समजावायची गरज नव्हती. सरांनी मान डोलावली. डोक्यावर डबा होता, त्यामुळे ती मान काकींना होती की आतल्या एखाद्या बंगल्याला, ते कळलं नाही.

ड्रोन गेला तो दिवाळीनंतर. तेव्हा बावखलावर हिरवं शेवाळ गच्च दाटलेलं असतं, सुई टाकली तरी पाणी दिसू नये असं. सॉफ्टवेअरनं त्या हिरव्याकडे पाहिलं आणि तिथं लॉन आहे असं ठरवून टाकलं. सर खूश झाले. "बघ, एवढी मोठी सपाट जागा! दोन गाड्यांचं पार्किंग इथं." मी म्हटलं, "सर, ते बावखल आहे." ते म्हणाले, "मॉडेलमध्ये कुठाय?" म्हणून मी ते हातानं काढून मॉडेलमध्ये घातलं, वेगळ्या लेयरवर, म्हणजे हवा तेव्हा दाखवता-झाकता येईल अशा थरावर, निळ्या रंगात.

आता सरांचा दुसरा अभिमान म्हणजे 'क्लॅश झिरो'. भिंतीतून पाइप आरपार जात असेल किंवा खांब दारात येत असेल, तर सॉफ्टवेअर तिथं लाल ठिपका दाखवतं. त्याला क्लॅश म्हणतात. तो दिसला की माणसानं थांबून विचार करावा, एवढ्यासाठीच तो असतो. पार्किंग आणि बावखल एकावर एक आले आणि लाल ठिपका उठला. सरांनी विचार केला नाही. म्हणाले, "तो निळा लेयर बंद कर."

"सर, काकींनी सांगितलंय..."

"अगं, मुलाला पाठवू ना अप्रूव्हलला. तो बघेल."

लेयर कसा बंद करतात हे सरांना माहीत नव्हतं. मला होतं. मी बंद केला. क्लॅश झिरो झाले. सरांनी त्या घराचा व्हिडिओ दुबईला पाठवला, मुलाचा होकाराचा अंगठा आला, आणि ड्रॉइंगची प्रिंट मीच काढून कॉन्ट्रॅक्टरच्या हातात दिली. काकींना एक फोन करायचा होता, एवढंच. त्या मुलीच्या बाळंतपणाला नाशिकला गेल्या होत्या. मी स्वतःला सांगितलं की मुलगा त्यांना सांगेल.

बावखलात भराव टाकायला चार दिवस लागले. काकी परत आल्या तेव्हा तिथं पेव्हर ब्लॉक बसवायचं काम चाललं होतं.

काकी ऑफिसात आल्या त्या भांडायला नाही. खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि सरांना म्हणाल्या, "परत खणून द्या." आता या जागी दुसऱ्या कुणी माफी मागितली असती. आमच्या सरांनी दोन दिवस मागून घेतले आणि मला मॉडेलमध्ये बावखल करायला लावलं, पूर्वीपेक्षा मोठं, काठाला दगडी घाट, मध्ये कमळं. मग काकींना बोलावून त्यांच्या पांढऱ्या केसांवर तो डबा चढवला आणि म्हणाले, "बघा काकी. पूर्वी इतकं सुंदर होतं का?"

काकी उभ्या राहिल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हळूच वाकल्या आणि ओंजळ पुढे केली. बोटं फरशीला लागली. त्या तशाच वाकून थोडा वेळ राहिल्या. मला वाटलं रडतायत, पण आवाज अगदी साधा होता.

"छान आहे, सर. यातलं पाणी केळीला कसं घालू?"

सर माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हाताऱ्या माणसांना टेक्नॉलॉजीची भीती असते." त्या एका वाक्यासाठी मी या माणसाला आजवर माफ केलेलं नाही. जाताना काकींनी माझ्या हातावर हात ठेवला. "बाय, तू तर पापडीची ना गं?" एवढंच विचारलं आणि जिना उतरल्या. पुढच्या महिन्यात मी नोकरी सोडली. त्या उन्हाळ्यात काकींची केळी वाळली आणि विहिरीचं पाणी मचूळ झालं, असं कानावर आलं. बघायला मात्र मी गेले नाही.

गेल्या हिवाळ्यात आर्किटेक्ट मंडळींच्या एका कार्यक्रमाला गेले होते, वसईतच. मंचावर आमचे सर होते, विषय 'निसर्गस्नेही घर आणि नवं तंत्रज्ञान'. मोठ्या पडद्यावर राऊतांचं बावखल आलं, घाट, कमळं, सगळं. पाणी हलतही होतं. सभागृहात कुणी तरी "आहाहा" म्हणालं. एका तरुण मुलीनं हात वर करून विचारलं, "सर, हे नक्की कुठं आहे? आम्हाला जाऊन बघता येईल?"

सरांनी समोर पाहिलं, आणि तिसऱ्या रांगेत त्यांना मी दिसले. सहा वर्षांत या माणसानं माझ्या कामाबद्दल चारचौघांत कधी माझं नाव घेतलं नव्हतं. त्यांचा चेहरा खरोखर उजळला. "यांना विचारा," ते म्हणाले, "ते बावखल यांनीच केलंय. उभी राहा गं."

सगळे माझ्याकडे वळून टाळ्या वाजवू लागले. आणि मी उभी राहिले. नमस्कार केला.