यादीत नसलेले नाव

सातव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या एसेक्स राज्याच्या गादीवर तीन सख्खे भाऊ एकत्र बसले होते. शेजारच्या सॅक्सनांशी झालेल्या एकाच लढाईत तिघेही पडले.

हे मला एका रविवारी इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीत, पुतण्याच्या घरी कळले. त्याची मुलगी सई शाळेचा प्रोजेक्ट करत होती. मी उम्म अल कुवैनला एका गोदामावर सिक्युरिटी सुपरवायझर आहे. खोलीत एकटाच असतो. सुट्टीला इथे येतो.

"राजा गेला की थोरला मुलगा बसायचा ना?" मी विचारले.

"नो, आजोबा. नो फिक्स्ड रूल. फॅमिलीतला कोणीही. बट ऑल थ्री इन वन बॅटल? सो सिली!"

पुतण्या हसला. "काका, तुमच्या आर्मीत असं चालायचं का?"

"नाही," मी म्हणालो.

आमच्यात नियम होता. गस्तीआधी कमांडर क्रम सांगायचा: तो पडला तर कमांड कोणाकडे, त्यानंतर कोणाकडे. या तिघांनी एका गाडीत बसायचे नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका सकाळी आमचे पोस्ट कमांडर सुभेदार मोहित्यांनी असाच क्रम सांगितला. त्यांच्यानंतर हवालदार जाधव, मग नायक शेळके. मोहिते महिनाअखेर निवृत्त होणार होते. पोस्ट जाधवांकडे जायची होती. रस्ता दाखवायला मोहित्यांनी दोघांनाही आपल्या जिप्सीत घेतले.

मी लान्स नायक, शेळकेच्या खालचा. "साहेब, तिघं एकत्र..." एवढेच बोललो.

"सावंत, तू मागं बस," शेळके म्हणाला. "तुझं नाव यादीत नाय."

सगळे हसले. मीही हसलो आणि मागच्या गाडीत बसलो.

१०.४० ला निघालो. ११.२० ला पुढची जिप्सी सुरुंगावर गेली.

रेडिओवर कंट्रोलने विचारले, "कमांडर कौन है? ओव्हर."

मागच्या गाडीतले चौघे माझ्याकडे बघत होते. पुन्हा तोच प्रश्न आला.

"लान्स नायक सावंत. कमांड मेरे पास. ओव्हर."

सईने तक्त्यात तिन्ही भावांपुढे फुली मारली. "आफ्टर देम, हू?"

"पुस्तकात बघ," मी म्हणालो.

सुभेदार मोहिते, हवालदार जाधव आणि गाडी चालवणारा शिपाई काळे जागीच गेले. नायक शेळके ११.४१ पर्यंत जिवंत होता. शुद्धीवर नव्हता. ११.५५ ला मदत पोहोचली. तोपर्यंत कमांड माझ्याकडे होती.