अक्काला जागा नव्हती

"आधी जेव. रडायचं ते पोटभर रड, पण जेवून," म्हणत अक्का समोर ताट सरकवायची. घरच्यांनी हाकललेलं कुणीही कल्याणजवळ मोहने गावात तिच्या खोलीवर आलं की पहिलं वाक्य हेच. मीही ते ऐकलेलं आहे.

कल्याणच्या बाजारात तुम्ही तिला पाहिलं असेल. उंच, रुंद खांद्यांची, अबोलीचा गजरा माळून भाजीवाल्याशी भावावरून भांडणारी. बाजार तिला तृतीयपंथी म्हणून ओळखायचा. आम्हा गे-लेस्बियन पोरांची ती थोरली बहीण होती.

ठाण्यात एका बागेत आमच्या गटाची पहिली सभा भरली, तेव्हा पोलीस आले. आम्ही चपला शोधू लागलो. अक्का पुढे झाली.

"साहेब, ही पोरं घाबरट आहेत. काय विचारायचं ते मला विचारा."

तिला चौकीत नेलं. आमच्यातल्या एकाचंही नाव तिने सांगितलं नाही. परतली ती सुजलेला गाल पदराने झाकून. "दाढ दुखतेय रे," म्हणाली.

डोंबिवलीचा एक मुलगा तिच्याकडे कितीतरी वर्षं राहिला. वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. तिच्या खोलीवर राहूनच तो शिकला, नोकरीला लागला आणि पुढे गटाचा अध्यक्ष झाला. "माझा पोरगा माईकवर काय बोलतो!" अक्का सगळ्यांना सांगत सुटायची.

गेल्या वर्षी गटाचा वर्धापनदिन मोठ्या सभागृहात होता. अक्का पैठणी नेसून, आपल्या तृतीयपंथी मैत्रिणींना घेऊन आली. हाच अध्यक्ष दारात आडवा आला.

"अक्का, आत जागा नाहीये गं. आणि आज कंपन्यांचे पाहुणे आहेत. तुम्ही सगळ्या एकदम... लोकांना वेगळं वाटतं. पुढच्या वेळी नक्की."

अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दारातून आम्हाला त्या दिसत होत्या.

"वेगळं म्हणजे कसं रे?"

तो मोबाइल बघत आत गेला.

मी तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेलो. तिने पैठणीचा पदर खांद्यावर सारखा केला. मग म्हणाली, "पोलीस परका होता रे. त्याचं मी कधी मनाला लावून घेतलं नाही."

त्यानंतर ती ठाण्याला आली नाही.

यंदा उन्हाळ्यात एका मुलीला घरच्यांनी बाहेर काढलं. तिची कुठेच सोय लागेना. शेवटी अध्यक्ष मला सोबत घेऊन, मुलीसह मोहन्याला आला. अक्काने दार उघडलं, मुलीच्या हातातली बॅग घेतली, तिला आत घेतलं.

"अक्का, माझं चुकलं," म्हणत तो पाया पडायला वाकला.

तिने पाय मागे घेतले.

"हिला ठेवते. तुला मी ओळखत नाही."

तो वाकलेलाच होता. अक्काने हळूच दार लावून घेतलं.