चहा येईपर्यंत

मी काही लिहावं एवढी माझी पात्रता नाही, म्हणून आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. पण एकदा चार ओळी लिहायच्या होत्या, तेव्हा लिहिल्या नाहीत. म्हणून आज लिहितो.

ते बिडकीनच्या पुढे एका कारखान्यात बॉयलरवर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी तिथे गेलो, तेव्हा ते कोळशाची पूड हवेच्या झोताने भट्टीत नेणाऱ्या पाइपला तळवा लावून, डोळे मिटून उभे होते. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

“हात ठिव इथं.”

पाइप वळत होता तिथे बाहेरच्या अंगाला खरखर लागत होती, आतल्या अंगाला काहीच नाही.

“वळणावर समदी पूड एका अंगाला पळती. मंग बर्नरचं अर्धं तोंड तुडुंब, अर्धं उपाशी. जाळ धरंल कसा?”

“मग सगळीकडे सारखी पसरायची का?”

“तसं बी नाय, कालिजवाले. लई पातळ झाली तर पेटतच नाय. मधी दाट पायजे. दाट आधी पेटती, मंग बाकीचीला पेटवती.”

एवढंच मी पुढे साठ पानांत लिहिलं. वळणापुढे आतून तिरपी पट्टी बसवून पूड मध्यावर आणायची. सरांनी शाबासकी दिली. पट्टी मात्र कारखान्याने बसवलीच नाही.

त्यामुळे जाळ विझतच राहिला. विझला की मामा पूड बंद करत, पंखा चालू ठेवत आणि ओरडत, “चहा सांगा रे!” चहा येऊन, पिऊन होईपर्यंत पेटवायच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात भट्टीत साचलेली पूड हवेने बाहेर जायची; ती आत असताना पेटवलं तर स्फोटच. घाईने पेटवू न देणारं यंत्र होतं, पण ते कधीचंच बंद करून ठेवलेलं.

नवे सुपरवायझर वैतागायचे. “मामा, वाफ बंद अन् तुमची पार्टी चालू?”

“साहेब, तुमाला बिनसाखरेचा सांगू का?”

माझ्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. “माझं कोण ऐकतंय? तू शिकलेला. थांबल्याबिगर पेटवू नका, अशा चार वळी लिहून दे. खाली कालिजचं नाव टाक. मी भितीला लावतो.”

“मी कोण लिहिणारा, मामा? सरांना विचारतो.”

“व्हय. पण इचार हां.”

मी विचारलं नाही. सर रागावतील, कारखाना सर्टिफिकेट अडवेल, असं काहीबाही वाटत राहिलं. मामांचा दोनदा फोन आला. परीक्षा आहे म्हणालो. “मंग आधी अभ्यास कर,” म्हणाले.

निकाल लागला त्या आठवड्यात तिथल्या फिटरचा फोन आला. जाळ विझला होता. आत पूड किती उरली ते बघायला मामा भट्टीच्या झरोक्याशी वाकले होते. सुपरवायझरने बटण दाबलं. भट्टीचं दार उडून मामांवर आलं. दवाखान्यापर्यंतही ते पोचले नाहीत.

“थांबा म्हणाले नव्हते का मामा?” मी विचारलं.

“म्हणाले ना. चहा बी सांगितला व्हता,” तो म्हणाला. “मीच घेऊन येत व्हतो गेटवरून.”